कासवाचं तेल वाढतंय

"पुन्हा वाढलंय," ताई म्हणाली.

तिच्या हातात इंजिनातलं तेल मोजायची लांब पट्टी होती. पट्टीवर दोन रेघा असतात आणि तेल त्या दोन रेघांच्या मध्ये असावं अशी रीत आहे. सोमवारी ते तसं होतंही. आज शनिवार, आणि तेल वरच्या रेघेच्या चांगलं बोटभर वर चढलं होतं.

"मामाने ओतलं असेल," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. त्याला सगळे नाकोबा म्हणत, कारण शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर ते शेजाऱ्यांच्या आधी त्याला कळे.

"बाबांनी?" मामाची मुलगी बटण हसली. "बाबा स्वतःचा कप विसळत नाहीत. ते तेल ओततील?"

बटण दहा वर्षांची होती आणि हे तिचंच घर असल्यामुळे तिला आतल्या गोष्टी ठाऊक होत्या. सुट्टीसाठी मामाकडे आलेल्या ताईला आणि नाकोबालाही आठ दिवसांत बरंच कळलं होतं. आजीच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं आणि मामी तिच्यासोबत हॉस्पिटलात राहत होती. घर मामाच्या ताब्यात होतं. म्हणजे घर होतं, एवढंच म्हणता येईल.

मामाच्या गाडीचे भाग मामी जाताच गॅरेजमधून निघून स्वयंपाकघरात राहायला आले होते. सिंकमध्ये काळं ग्रीस, ग्रीसवर भाताची शितं, आणि त्या दोघांच्या मैत्रीतून जन्मलेला एक करडा थर. ज्या तव्यात मामाने परवा कार्बोरेटर पेट्रोलमध्ये भिजत घातला होता, त्याच तव्यात त्याने सकाळी ऑम्लेट केलं होतं.

"मामा, याला पेट्रोलचा वास येतोय," नाकोबाने बशी दूर सारली होती.

"काही होत नाही. पेट्रोल उडून जातं."

"उडून कुठे जातं?"

"उडून जातं," मामाने शास्त्र संपवलं आणि स्वतःच्या ऑम्लेटचा घास घेतला. चावताना तो एकदा थांबला, पण मोठ्या माणसांना मागे फिरता येत नाही. त्याने गिळला.

गाडीचं नाव कासव. गोल पाठ, दोनच दारं, वय मामापेक्षा थोडं जास्त. हिला पाणी लागत नसे, इंजिन वाऱ्यावरच थंड होई. इंजिन मागे आणि पेट्रोलची टाकी पुढे, असा उलटा संसार. पेट्रोल ओढणारा जुना पंप महिन्यापूर्वी गेला, तेव्हा मामाने उस्तादला बोलावलं. उस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. त्याने जुना पंप काढून विजेवर चालणारा नवा बसवला होता.

"गाड्या तेल पितात असं ऐकलं होतं," नाकोबा म्हणाला. "ही तर तेल साठवायला लागली."

"हुंग," ताईने पट्टी त्याच्या नाकाखाली धरली.

नाकोबाने हुंगलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "ई. हे तेल नाहीच. म्हणजे आहे, पण त्यात पेट्रोल आहे. ऑम्लेटमध्ये होतं त्यापेक्षा जास्त."

तिघांनी मागचं झाकण उघडून आत डोकी घातली. इंजिनाला खेटून, तारेने आवळून, नवा पंप लटकत होता. त्यातून एक पारदर्शक नळी निघून कार्बोरेटरकडे गेली होती. नळीच्या आत हिरवट बुळबुळीत काहीतरी चिकटलं होतं. नळीच्या तोंडाशीही तारच पिळलेली, आणि तिथे पेट्रोलचा एक थेंब पडू की नको असा विचार करत होता.

बटणचा चेहरा बदलला. "ही माझ्या माशांच्या टाकीची नळी आहे."

माशांच्या टाकीचं पाणी बदलायची गरज नसते, असं मामाचं मत होतं. माशांचं मत वेगळं पडलं आणि मार्चमध्ये ते एकामागून एक वारले. टाकीतला शेवाळलेला चिखल अजून व्हरांड्यात होता. नळी मात्र मार्गी लागली होती.

उस्ताद तेवढ्यात आलाच. टाकीतून थोडं पेट्रोल काढायचं होतं. त्याने दुसऱ्याच एका नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरलं, गाल आत घेऊन ओढलं आणि तोंडात आलेला घोट कुंडीत थुंकला. ओठ पुसले ते ज्या फडक्याने, त्याचा मूळ रंग कोणालाच आठवत नव्हता. कुंडीतल्या झाडाने महिनाभर हे सोसलं, मग जगण्याचा नाद सोडला.

"उस्तादकाका, नळी माशांची का लावली?" ताईने विचारलं.

"आरपार दिसते ना. पेट्रोल येतंय हे डोळ्यांना दिसलं पाहिजे."

"आणि पंप इंजिनाजवळ का? टाकी तर पुढे आहे."

"पुढे लावला तर आवाज येत नाही बाळ. इथे कसा टिकटिक टिकटिक ऐकू येतो. आवाज आला की जीव भांड्यात पडतो."

"पण इंजिन बंद असलं तरी टिकटिक येते. काल मामा रेडिओ ऐकत बसला होता, इंजिन बंद होतं, आणि पंप चालूच होता."

"मग चांगलंच की. जातिवंत पंप आहे. मोठ्या नव्या गाडीचा आहे."

मामा पँटला हात पुसत बाहेर आला. "साडेतीनला निघायचं. पाचला आजीला सोडणार आहेत. मागच्या सीटवर तिला आडवं बसवू, पाय लांब करून. घाटाने तासाभरात घरी."

"मामा, तेलात पेट्रोल उतरतंय."

"काही होत नाही."

ताईच्या डोळ्यांपुढे मागची सीट होती. त्या सीटच्या पाठीमागे इंजिन. आजीला पाय वाकवायची परवानगी नव्हती आणि कासवाला मागे दार नव्हतं.

दहाव्या मिनिटाला तिन्ही सायकली अग्निशमन केंद्राच्या फाटकात होत्या. तिथे एक उंच बाई लाल बंबाची चाकं धूत होत्या. त्या बंब चालवायच्या, म्हणून बटण त्यांना बंबवाली मावशी म्हणे. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि नळ बंद केला.

"पंप मोठ्या नव्या गाडीचा म्हणालात ना? त्या पंपाचा दाब जास्त. तुमच्या कार्बोरेटरला हवा पावशेर, हा देतो मण. जास्तीचं पेट्रोल इंजिनातून खाली तेलात उतरतं. म्हणून तेल वाढतं, पातळ होतं, आणि इंजिन घासून मरतं. ही झाली बरी बातमी."

"बरी?" नाकोबा म्हणाला.

"जुना पंप इंजिनाच्या जोरावर चालायचा. इंजिन थांबलं की तोही थांबे. हा विजेवर चालतो. किल्ली फिरवलेली असली की हा पेट्रोल ढकलत राहणार. नळी निसटली तरी ढकलणार, गाडी धडकली तरी ढकलणार. आणि माशांची नळी पेट्रोलने कडक होते, मग निसटते. पेट्रोल सांडणार कुठे? तापलेल्या इंजिनावर." मावशींनी हात पुसले. "तुमच्या गाडीच्या इंजिनात जो धातू आहे ना, तो पेटला की पाणी टाकून विझत नाही. उलट भडकतो. अशी एक गाडी मी विझवलीय. म्हणजे ती जळून संपली आणि मी तिथे उभी होते."

बटणने ताईचा हात धरला.

मावशींनी तिथूनच मामाला फोन लावला. मुलांना फक्त एक बाजू ऐकू आली. "नमस्कार, मी फायर ब्रिगेडमधून... नाही, आग लागलेली नाही... हो, वीस वर्षं चालवताय, पण..." मग त्यांनी फोनकडे पाहिलं. "काही होत नाही म्हणाले. आणि ठेवला."

"आमच्याकडे तसंच म्हणतात," बटण म्हणाली.

"माझी ड्यूटी चारला संपते. सव्वाचारला पोचते. तोवर गाडी हलू देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, तुम्ही पेट्रोलला, नळीला, पंपाला हात लावायचा नाही. वास आला तर किल्ली बंद आणि माणसं लांब. शूरपणा नको."

परतताना नाकोबा म्हणाला, "किल्ली लपवू."

"दोन आहेत," बटण म्हणाली. "एक उस्तादकाकांकडे असते."

चढ संपल्यावर ताईने सायकल थांबवली. "मामाला काय सर्वात जास्त आवडतं?"

"स्वतः," बटणने क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं.

"मग त्याला मुख्य काम देऊ."

साडेतीनला ताई अगदी काळजीच्या सुरात म्हणाली, "मामा, आजीला आत बसवायचं कसं? पाय वाकवायचा नाही. तिथे गेल्यावर फजिती नको. एकदा तालीम करू या. तू आजी हो."

"मी?"

"बाकी कोणाला जमेल?" नाकोबा म्हणाला.

हे मामाला पटलं. दोन फूटपट्ट्या आणि जुनी ओढणी घेऊन तिघांनी त्याचा उजवा पाय असा बांधला की तो कुंपणाचा खांब वाटावा. ओढणी दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली, कारण नाकोबाला गाठ मनासारखी येईना. मग पुढची सीट वाकवून मामाला आत कोंबायला सुरुवात झाली. आधी डोकं गेलं, पोट अडलं. पोट गेलं, पाय अडला. उस्ताद बाहेरून ढकलत होता आणि मामाच्या शर्टावर त्याचे दहा काळे ठसे उमटत होते. अखेर मामा मागच्या सीटवर आडवा झाला. त्याच्या शर्टाचा उग्र वास काचा चढवलेल्या गाडीत कोंडला गेला.

"आजी बिचारी," नाकोबा नाक दाबून म्हणाला.

घड्याळात चार वाजले होते. पाव तास काढायचा होता. ताई पुढचं काही बोलणार, एवढ्यात उस्ताद पुढच्या सीटवर बसला. "आता बसलोच आहोत तर आवाज ऐकून घेऊ," असं म्हणत त्याने आपली किल्ली घातली आणि फिरवली.

टिकटिक टिकटिक.

"ऐकलंत?" उस्तादने डोळे मिटले.

नाकोबाने मात्र नाकावरचा हात काढला. "ताई, वास. खूप."

ताईने मागे धाव घेतली. झाकणाखालून जमिनीवर धार लागली होती. नळी तारेतून सुटली होती आणि पंप इमानाने आपलं काम करत होता. टिक म्हणताना एक उसळी, टिक म्हणताना दुसरी.

"किल्ली बंद करा," ताई ओरडली.

"अगं आवाज तर छान..."

बटणने उघड्या दारातून आत झेप घेतली, उस्तादच्या मांडीवरून हात घालून किल्ली फिरवली आणि उपसून काढली. टिकटिक थांबली. धार मंदावली, पण खाली तोवर परातीएवढं डबकं झालं होतं.

"बाहेर या. कोणी कसलंही बटण दाबू नका," ताई म्हणाली.

उस्ताद बाहेर आला. त्याने डबकं पाहिलं. त्याचा चेहरा पडला, आणि जीव शांत करायला त्याचा हात सवयीने खिशात गेला. हात बाहेर आला तेव्हा त्यात काडेपेटी होती. नाकोबाने ती हिसकावली आणि थेट रस्त्यापर्यंत पळत सुटला.

"अरे, मी?" आतून मामा म्हणाला. "मी कसा निघू? पाय सोडा. अरे, वास येतोय."

"उडून जाईल बाबा," बटण म्हणाली. ती आणि ताई आत घुसल्या, एकीने मामाची काख धरली, दुसरीने कॉलर, आणि उस्तादने कंबर. त्यांनी मामाला ओढलं. पाय दारात अडला, फूटपट्टी मोडली, आणि मामा अंगणात येऊन पडला. तो कोपरांवर सरपटत कुंपणापर्यंत गेला आणि कुंडीजवळ जाऊन ओकला. सकाळचं ऑम्लेट ओळखू येत होतं.

मावशी पोचल्या तेव्हा तिघं मुलं फाटकात उभी राहून रस्त्यावरच्या लोकांना लांब ठेवत होती. मावशींनी वाळूच्या दोन बादल्या डबक्यावर ओतल्या, बॅटरीची तार काढली, मग आत वाकून तारेचे पीळ, हिरवी नळी, लटकता पंप असं सगळं एकेक पाहिलं. मेलेली घूस शेपटीने उचलावी तशी त्यांनी ती नळी दोन बोटांत धरून बाहेर काढली.

"तुम्ही आतून बाहेर यायला किती वेळ घेतला?" त्यांनी मामाला विचारलं.

"दीड मिनिट," ताईने सांगितलं.

"इंजिन थंड होतं म्हणून तेवढा वेळ मिळाला. घाटात ते तापलेलं असतं."

मामा बराच वेळ मागच्या सीटकडे पाहत राहिला. "मी तिथे आईला बसवणार होतो," तो म्हणाला. त्या दिवशी आजी रुग्णवाहिकेतून घरी आली. स्वयंपाकघर पाहून मामी उंबऱ्यावरच थांबली आणि मामाने कोणी न सांगता सिंक घासायला घेतलं.

पुढचे चार दिवस उस्ताद मावशींच्या देखरेखीखाली काम करत होता. कमी दाबाचा, कार्बोरेटरला सोसेल असा पंप आणला. तो पुढे, टाकीजवळ आणि टाकीपेक्षा खाली बसवला, कारण पंपाला ओढणं जमत नाही, ढकलणं जमतं. त्याच्या आधी गाळणी. पेट्रोलसाठीच बनवलेली नळी, प्रत्येक टोकाला स्क्रूने आवळायची पट्टीची पकड. जुन्या पंपाच्या जागेचं भोक पत्र्याने बंद केलं. पंपाच्या तारेला फ्यूज आला, आणि सगळ्यात महत्त्वाचं, असा एक स्विच आला की इंजिन फिरत असेल तरच पंप चालेल, आणि दुसरा असा, की गाडीला धक्का बसला तर पंप तिथेच बंद. घाण तेल बदललं. ते एवढं पातळ आणि उग्र वासाचं होतं की उस्तादनेसुद्धा तोंड फिरवलं. नव्या तेलाची पट्टी ताईने पाच दिवस पाहिली. ते जिथल्या तिथे होतं.

"तिघांनी एकही थेंब पेट्रोल हाताळलं नाही आणि एक माणूस वाचवला," मावशी मामीला म्हणाल्या. "आमच्याकडे नव्या लोकांना हे शिकवायला सहा महिने लागतात. या नाकोबाला तर मी आजच घेतलं असतं."

उस्ताद खाली पाहून म्हणाला, "तीस वर्षांत मला कोणी 'का' असं विचारलं नव्हतं. या पोरांनी विचारलं."

दहा दिवसांनी टाके काढायला जायचं होतं. आजीने सगळी हकिकत दोनदा ऐकली, मग म्हणाली, "मुलांनी चांगली म्हटली तर मी कासवातूनच जाईन." मुलांनी चांगली म्हटली. काचा खाली, पुढे मामाशेजारी ताई आणि नाकोबा, मागे पाय लांब करून आजी आणि तिच्या पायाशी बटण. घाटाच्या तिसऱ्या वळणावर मामाने गिअर चुकवला आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

सगळे कान देऊन बसले. किल्ली फिरवलेलीच होती. कुठूनही टिक आलं नाही, फक्त दरीतला वारा ऐकू येत होता.

"इंजिन बंद?" आजीने विचारलं.

"हो आई."

"आणि पंप?"

"तोही बंद."

आजीने बटणच्या केसांतून हात फिरवला, ताई आणि नाकोबाकडे पाहून मान डोलावली आणि मग मामाच्या मानेकडे रोखून पाहत म्हणाली, "चला. मुलांमुळे आपल्या घरात एक तरी वस्तू आली, जिला काम नसताना गप्प बसता येतं."