मामांची निळी मिशी

"उचल तुझी बॅग!" मामा गरजले. "दुपारच्या गाडीनं चालती हो होस्टेलवर! सुट्टी संपली तुझी!"

खारूताई हे त्यांच्या भाचीचं लाडाचं नाव. आईबाबा दूर नोकरीवर, आणि सुट्टीत होस्टेलवर चिटपाखरूही नसायचं. तिथं महिनाभर एकटीनं राहायचं?

मामांच्या दुकानामागच्या खोलीत व्हेलमची भेटकार्डं हातानं बनत. व्हेलम म्हणजे आरपार दिसणारा गुळगुळीत कागद. त्यावर खारूताई पांढऱ्या शाईनं फुलांचे ठसे उमटवी. हा कागद शाई पीत नाही, त्यामुळे ठसा बराच वेळ ओला राहतो. आणि रोज पाहावं तर दोन-चार कार्डांवर वरच्या कोपऱ्यात फराटे! आजही तसंच झालं होतं.

"मी नाही केलं, मामा!"

"मग काय भुतानं केलं? घाणेरड्या हातांची कार्टी!" मामांनी ती कार्डं तिच्यासमोर टराटरा फाडली आणि केरही तिलाच उचलायला लावला. मामी मान खाली घालून उरलेली कार्डं मोजत राहिल्या. मामेभाऊ बोका तर पोट धरधरून हसला!

मामा बाहेर दुकानात गेले तशी शेजारची ढमी आत येऊन केरातला एक तुकडा निरखू लागली. "अगं, हा अंगठ्याचा ठसा बघ केवढा!"

खारूताईनं त्यावर आपला अंगठा ठेवला. तो त्यात सहज मावला, वर जागाही उरली. "बोक्या, आता तुझा ठेव!"

बोक्याचं हसू पळालं. त्याचाही अंगठा लहानच पडला. "माझाही नाही हं! आईशप्पथ!"

बाहेरून मामांचा आवाज आला, "बघा ताई, उजेडात धरलं की कसं आरपार दिसतं!" तिघांनी पडद्याआडून डोकावलं. मामांनी नुकतंच केलेलं कार्ड वरच्या कोपऱ्यातल्या ओल्या फुलावरच चिमटीत धरलं होतं!

"सांगू या बाबांना!" बोका पुटपुटला.

"ऐकतील? उलट आपल्यालाच रट्टे देतील," ढमी म्हणाली.

"सांगायचं नाही. चारचौघांत दाखवायचं," खारूताई म्हणाली. मामांची फजिती व्हावी, चांगली सणसणीत व्हावी, असं तिला मनापासून वाटलं. त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

पांढरी शाई बोटांवर कुणाला दिसते? तिनं गडद निळी घेतली, ठसे भरपूर भिजवले आणि ताजी कार्डं दुकानात नेऊन ठेवली. थोड्याच वेळात एक आजी नातीला घेऊन तिच्या लग्नाची कार्डं ठरवायला आल्या. मामांनी कार्ड उचललं. मग सवयीप्रमाणे मिशीवर ताव दिला. टक्कल खाजवलं. नाक चोळलं!

मिशी, टक्कल, नाक, सगळं निळं! मामा बोलतच होते, "आमच्याकडे काम अगदी स्वच्छ!" पडद्याआड बोक्यानं रुमाल तोंडात कोंबला. शेवटी नातच फिस्सकन हसली आणि तिनं पर्समधला आरसा पुढे केला.

"कार्टे!" आरशात पाहताच मामांनी खारूताईवर हात उगारला.

"खबरदार!" आजी कडाडल्या. "डाग तुमचे आणि मार पोरीला?" सगळी हकिगत ऐकून त्यांनी तिघांची पाठ थोपटली. "शाब्बास! कसले हुशार आहात रे! माझी सगळी कार्डं हिच्याच हातची हवीत. नाहीतर मी निघाले!"

मामांच्या आवाजात एकदम साखर आली. "अगं, राहा की सुट्टीभर! मी काय खरंच पाठवणार होतो?"

खारूताईनं आतून बॅग आणून खांद्याला लावली. "राहीन. पण गिऱ्हाईक आलं की तुम्ही हात पाठीमागे धरून उभं राहायचं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

आता मामींनाही हसू आवरेना. मामांनी आजींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि निळे हात हळूच पाठीमागे नेले.