न लागलेला ब्रेक

"एकदा ठिणगी पडू दे, मग बघ कशी गुरगुरतीया!" बिरदेव इंजिनात डोकं खुपसून म्हणाला.

"कालपासनं हेच सांगतोयस!" रेश्मा म्हणाली. "गाडी आधी सुरू हुईल का दिवाळी आधी संपंल?"

पूजा हसली नाही. भाऊबीज झाली की ही दोन सीटची जुनी विलायती गाडी भंगारवाला उचलणार होता. आणि गाडी गेली, की पप्पा खरं बोलत होते का खोटं, हे कधीच कळणार नव्हतं.

पूजा आणि तिची चुलतबहीण रेश्मा, दोघी तान्ह्या होत्या तेव्हाची गोष्ट. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली आणि पूजाचे पप्पा, जयराज, चक्कर मारायला निघाले. शेजारी धाकटा भाऊ पृथ्वीराज, म्हणजे रेश्माचे वडील. कॅनॉलच्या वळणावर गाडी बाभळीवर आदळली. पृथ्वीराज बाहेर फेकले गेले, ते उठलेच नाहीत.

"ब्रेक दबलाच नाही," पप्पा सांगत राहिले.

"मस्तीत हाणलीस गाडी!" आजोबा हंबीरराव म्हणाले आणि थोरल्या लेकाला घर बंद झालं. गाडी अपशकुनी ठरली. ट्रॅक्टरनं ओढून ती शेडात टाकली, ती टाकलीच. ब्रेक बघावा, एवढं एकालाही सुचलं नाही. वा रे मोठी माणसं! म्हणून आता ही तिघं गाडी चालवून ब्रेक लागतो का, ते बघणार होती. अजूनही पप्पा पूजाला विश्रामबागच्या त्यांच्या घरून आणत आणि कराडच्या स्टँडवरूनच मागं फिरत.

"आणि काकाचं खोटं निघालं तर?" रेश्मानं हळूच विचारलं.

"तर मी पुन्हा इथं येणार नाही," पूजा म्हणाली.

आजोबा उसाला पाणी पाजायला गेले होते. रेश्माच्या वर्गातल्या बिरदेवचा भाऊ गॅरेजवाला, त्यामुळं प्लग घासणं आणि कार्बोरेटर धुणं त्याला येत होतं. आता बॅटरी तेवढी हवी होती. तिघांनी ती ट्रॅक्टरची काढली. ट्रॅक्टरच्या पेटीत हिरव्या लष्करी कापडात गुंडाळलेला अख्खा नारळ होता. आजोबांनी फौजेत जन्मभर ट्रक चालवले. दर खंडेनवमीला ते असा एक नारळ प्रत्येक गाडीत ठेवत.

"हात नको लावू, आजोबा सोलून काढतील!" रेश्मा म्हणाली.

पूजा स्टिअरिंगमागं बसली, रेश्मा शेजारी. बॅटरी जोडून बिरदेव ओरडला, "मार सेल्फ!"

पूजानं किल्ली फिरवली. गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि धडधडायला लागली!

"चालू झाली! चालू झाली!"

"पूजे, ब्रेक दाब!"

पूजानं पाय दिला. पुन्हा जोर लावून दिला. पेडल हललंही नाही.

"दबत नाही रे..."

रेश्मानं चटकन गाडी बंद केली. बिरदेव टॉर्चचा उजेड पाडत खाली वाकला. उंदरांचं घरटं, चिंध्या, पाचट त्यानं ओढून काढलं. त्यामागं, पेडलच्या खाली, काहीतरी घट्ट बसलं होतं. एक वाळका नारळ. त्यावर हिरवं कापड.

"ट्रॅक्टरच्या पेटीतल्यासारखाच!" रेश्मा म्हणाली.

"कुणी चालू केली रं ही?" आवाज ऐकून आजोबा धावतच आले होते. त्यांची नजर पेडलवर गेली, आणि ते तिथंच मातीत बसले.

"उघडी गाडी... शिटावरनं उडून पडंल म्हणून म्या पायाशी ठिवला व्हता," ते म्हणाले. "म्याच."

आजोबांना काय काय सुनवायचं, ते पूजानं वर्षानुवर्षं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षरही तिला बोलवेना. तिला त्यांची दया आली, आणि त्याचाच रागही आला.

"शाबास, पोरांनो," आजोबा कसेबसे म्हणाले. "तुमी बघितलं. आमी न्हाई बघितलं. लाव तुझ्या बापाला फोन."

पूजानं फोन लावला. "पप्पा, ब्रेक खरंच दबत नव्हता. खाली नारळ अडकला होता. आम्ही शोधलं!"

आजोबांनी फोन घेतला, कानाला लावला. शब्द फुटेना.

शेवटी रेश्मानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"काका, घरी या," ती म्हणाली. "मी येते स्टँडवर तुमाला न्यायला."