वाटीवरचं नाव

नीरज मयेकरच्या कथांमध्ये त्याची बायको आजवर एकोणीस वेळा मेली होती. नाव सुचेपर्यंत अडून बसायचं नाही, म्हणून कथेत जी कोणी मरणार असेल तिला तो सरसकट ‘स्वप्नाली’ लिहून टाकायचा आणि शेवटी कॉम्प्युटरवर एका दणक्यात नाव बदलायचा. स्वप्नालीला हे ठाऊक होतं. चहाचा कप कीबोर्डशेजारी ठेवताना ती विचारायची, आज कशाने मारलंस?

दिवसा तो काशीमीऱ्याच्या एका गोदामात कॉम्प्युटर सांभाळायचा. पेणकरपाड्याला घरी आला की स्वतः जोडलेल्या पीसीसमोर बसायचा. प्रत्येक पात्राचं त्याच्याकडे कार्ड होतं. जन्मतारीख, रक्तगट, चपलेचा नंबर, आवडता पदार्थ. यातलं कथेत काहीच यायचं नाही, पण आपल्याला माहीत पाहिजे, असा त्याचा हट्ट. गोदामातला मित्र साहिल म्हणायचा, तू लेखक नाहीस, रेशन ऑफिस आहेस.

तीन वर्षं कथा साभार परत येत होत्या. दोन हजार सहा साली मात्र एका दिवाळी अंकाने ‘घेतो’ म्हणून कळवलं. कथेतली मनोरमाबाई त्याने आपल्याच बिल्डिंगच्या ३०४ मध्ये राहायला पाठवली होती, कारण तो फ्लॅट पहिल्यापासून बंद होता. ती शेजारीपाजारी स्टीलच्या वाट्या वाटते. वाटीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं नाव घातलेलं, खाली तारीख. फक्त माणूस अजून जिवंत असतो आणि तारीख यायची असते. त्या तारखेला तो जातो.

सप्टेंबरातल्या शनिवारी नीरज कामावरून आला, तर ओट्यावर एक अनोळखी वाटी धुऊन पालथी घातली होती. पितृपक्ष लागला होता. कुणीतरी खीर दिली असणार, एवढंच त्याच्या मनात आलं. सवयीने त्याने वाटी फिरवून कडेवरचं नाव वाचलं.

‘कै. स्वप्नाली यांच्या स्मरणार्थ. १४-९-२००६.’

म्हणजे येता गुरुवार.

“ही कुणी दिली?” त्याने जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

वरच्या मजल्यावरच्या आजी येऊन गेल्या, स्वप्नाली म्हणाली. मनोरमाबाई. चष्म्याला काळी दोरी. चांगल्या वाटल्या. नाव तिने वाचलंच नव्हतं. लोकांच्या वाटीवरचं नाव कोण वाचतं?

नीरजने वाटी वरच्या फळीवर सारली. तिला काही सांगितलं नाही. चष्म्याची काळी दोरी फक्त कार्डावर होती, कथेत नव्हती.

खाली वॉचमन म्हणाला, “तीनसौ चार? वो तो बंद है साहब. चाबी भी नहीं है मेरे पास.”

मग संशय साहिलवर गेला. कथा वाचलेला तो एकटाच, आणि घरी आला की कार्डं चाळायची त्याला खोड. फोनवर नीरज त्याला वाटेल ते बोलला. साहिल आधी हसला, मग दुखावला. “कसली वाटी? आणि यार, शेवट तू मला दाखवलास कुठे?”

ते खरं होतं. शेवट नीरजने अंकाकडे कथेची सीडी पाठवायच्या दिवशी, सकाळी घाईत लिहिला होता. त्याने फाइल उघडली. मरणारीचं नाव सगळीकडे बदलून ‘रुचिता’ झालं होतं. पण शेवटचं वाक्य त्याने त्यानंतर लिहिलं होतं आणि बोटांनी सवयीने काम केलं होतं. वाटीवर कोरलं होतं: कै. स्वप्नाली.

त्याने तिथल्या तिथे संपादक काशीनाथरावांना घरी फोन लावला. शेवटच्या ओळीत चूक आहे, रुचिता करा. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आत्ताच प्रुफावर करून ठेवतो.

रविवारी सकाळी त्याने फळीवरून वाटी काढली.

‘कै. रुचिता यांच्या स्मरणार्थ.’ तारीख तीच.

हे कसं झालं, याचा विचार त्याने केला नाही. त्याला फक्त मोकळं वाटलं. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला. रुचिता काय, एक कार्ड होतं. चोवीस वर्षं, नर्स, डावखुरी, हनुवटीवर तीळ.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. स्वप्नालीने दार उघडलं.

“वाटी न्यायला आलेय, मनोरमा आत्याची. मी भाची तिची, रुचिता. कालच आलेय राहायला.”

नीरज खुर्चीतून उठला. त्याला दारातून हनुवटी दिसली. तीळ होता.

रिकामी वाटी कशी देऊ म्हणत स्वप्नालीने फळीवरची वाटी काढली आणि साखरेने भरली. मुलीने डावा हात पुढे केला, मग ओशाळून उजवा.

“उद्या चहाला ये,” स्वप्नाली म्हणाली.

“उद्या ड्यूटी आहे हो. गुरुवारी येते. नक्की.”

दार लागलं. जिन्यात तिच्या चपला वाजत वर गेल्या.

नीरजने फोन उचलला. बोट दोनदा चुकलं.

“अहो, किती वेळा बदलणार?” काशीनाथराव म्हणाले. “पान अजून माझ्यापाशीच आहे म्हणा. बोला, कोणाचं नाव घालू?”

नवं नाव काढलं असतं, तर तेही दारात येऊन उभं राहिलं असतं. एक नाव मात्र आधीपासून घरात होतं. त्याचं स्वतःचं. ते ओठांपर्यंत आलं. त्याला लाज वाटली, पण नाव बाहेर पडेना.

“नको,” तो म्हणाला. “तेच राहू दे.”

त्याने फोन ठेवला. स्वयंपाकघरात स्वप्नाली साखरेच्या डब्याचं झाकण लावत होती.

“गुरुवारी हिला खायला काय करू रे?”

“साबुदाण्याची खिचडी,” तो म्हणाला. “कूट जास्त घाल. मिरची नको, तिला सोसत नाही.”

डबा स्वप्नालीच्या हातातच राहिला. ती त्याच्याकडे बघत होती.

“तुला रे कसं माहीत?”