पायरीवरचा फोन

ही गोष्ट खरी आहे. रचायची असती तर शेवट जरा बरा केला असता.

भुतं रात्री येतात असा आपला समज. माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी झालं. लख्ख उन्हात, सरकारी कामकाजाच्या वेळेत. साक्षीला शंभरेक पोलीस होते. त्यातला एकही आज त्यावर बोलत नाही.

गावाबाहेर एक बैठं घर होतं. मागे पोल्ट्रीच्या रिकाम्या शेड. तिथे माझी धाकटी बहीण राहायची. आम्ही तिला बेबी म्हणायचो. चाळिशी उलटली तरी बेबीच.

तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. हात चांगला होता. मग कधीतरी डोकं फिरलं. सरकार नावाची वस्तू अस्तित्वातच नाही, असं तो म्हणू लागला. कर भरणं बंद. परवाने फाडून टाकले. गाडीला स्वतः रंगवलेली नंबरप्लेट.

आम्ही हसायचो.

मग त्याच्याच मताचे सात-आठ जण तिथे राहायला आले. येताना बंदुका घेऊन आले. तेव्हा आमचं हसू आटलं. जे अस्तित्वातच नाही त्याच्यावर बंदूक कशाला रोखायची, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही. विचारायची सोय उरली नव्हती.

एका सोमवारी सकाळी पोलीस वॉरंट घेऊन गेले. आतून गोळ्या सुटल्या. दोन शिपाई फाटकातच कोसळले. त्यांनाही घरी बायकापोरं होती.

मग बाहेरून जे सुरू झालं, ते अर्धा तास चाललं.

आणि मग… शांतता.

त्यानंतर घरातून एकही गोळी आली नाही. मोठ्या साहेबांनी अर्थ काढला, की आतले लोक दारूगोळा वाचवतायत.

दुपारी पोलिसांनी मला नेलं. घरासमोर, रस्त्यापलीकडे एक बंद गॅरेज होतं, तिथे ठाण मांडलेलं. वाटाघाटी करणारा अधिकारी पूर्वी शाळेत शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत.

"तुमचा मेहुणा काही बोलत नाही," मास्तर म्हणाला. "बहिणीशी तुम्ही बोला."

"ती आयुष्यात कधी माझं ऐकत आलेली नाही."

"आमचं तर कुणीच ऐकत नाही. बसा."

पोलिसांनी चाकांच्या एका यंत्रानं घराच्या मागच्या पायरीवर पेटी नेऊन ठेवली होती. चिकटपट्टी लावलेल्या त्या पेटीत फोन. तो उचलला की गॅरेजात सगळ्यांना बोलणं ऐकू येणार.

वाजवला. वाजत राहिला. मास्तरानं दोनदा घड्याळ बघितलं.

मग कुणीतरी उचलला…

"दादा?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"बेबे, बरी आहेस ना गं?"

"बरी आहे. थंडी वाजतेय."

आमच्या डोक्यावरचा पत्रा उन्हानं तडतडत होता.

"पोपट कुठंय?"

पोपट म्हणजे माझी भाची. वय वर्षं सहा. झोपेतसुद्धा बडबडायची, म्हणून पोपट.

"इथेच आहे. मांडीवर."

"दे तिला फोन."

"ती आता बोलत नाही, दादा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं… तिच्या मागे कसलाच आवाज नव्हता. त्या दोघी सोडून घरात आठ-नऊ माणसं. पण पाऊल नाही. खोकला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. आणि माझा मेहुणा सरकारला शिव्या न देता इतका वेळ गप्प बसलाय, हे तर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मास्तरानं फोनवर हात ठेवला. "घाबरलीय. बोलत राहा. बोलणं चालू आहे तोवर साहेब माणसं आत घुसवणार नाहीत."

म्हणजे ती वाचणार की नाही, हे माझ्या तोंडावर अवलंबून होतं. मी बोलत सुटलो. तीन दिवस. जुनी भांडणं काढली.

"रेडिओ तू फोडलास आणि मार मी खाल्ला."

"तू मार खायच्याच लायकीचा होतास."

ती हसली. गॅरेजातले पोलीसही हसले. मी हसलो नाही. तिच्या हसण्यात मधे श्वास नव्हता…

दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "दादा, आम्ही बाहेर आलो तर तुम्हाला दिसू ना?"

मास्तर कानाशी कुजबुजला, "सांगा, स्वच्छ ऊन आहे. लांबून दिसाल. कुणी गोळी घालणार नाही."

मी तसंच सांगितलं.

तिसऱ्या दुपारी ती तयार झाली.

"दार उघड," मी म्हणालो. "पोपटला पुढे घे. घराला वळसा घाल आणि सरळ माझ्याकडे ये. मग घरी जाऊ."

मागचं दार, पायरी सोडून, त्याच दुपारी लावलेल्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आम्हाला दिसत होतं. ते उघडलं… सावकाश. आत अंधार.

कुणीच बाहेर आलं नाही.

मी गॅरेजच्या दारात जाऊन उभा राहिलो. कानाला फोन तसाच.

"आले ना, दादा."

"कुठेस?"

"ही काय, समोर. तू कुठे बघतोयस?"

समोर रिकामा रस्ता होता. ऊन होतं. शंभर माणसं टक लावून बघत होती.

"कुणालाच दिसत नाही का रे?"

आणि फोन बंद झाला.

मग पोलीस आत घुसले. आतून एकही गोळी आली नाही. कोण झाडणार होतं… सगळे सोमवारी सकाळी त्या अर्ध्या तासातच गेले होते. डॉक्टरांना तिळमात्र शंका नव्हती. बेबी स्वयंपाकघरात सापडली. पोपटला पोटाशी धरून.

पायरीवरच्या पेटीची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

सरकार म्हणालं, आम्ही तीन दिवस संयमानं बोलणी केली. मेहुण्याच्या पंथातले म्हणाले, कसली बोलणी, पहिल्याच दिवशी मारलं. निम्मं निम्मं दोघांचंही खरं होतं. साक्षीला मला दोघांनी बोलावलं. मी खरं ते सांगितलं. दोघांनी चहा पाजून परत पाठवलं.

मास्तरानं पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही. चार वर्षं गेली.

मग गेल्या महिन्यात, दुपारी, त्याचा फोन.

"दुसरीकडे आहे. तसंच घर, तसलेच लोक. आत अकरा जण. चार पोरं. सकाळी गोळीबार झाला, मग सगळं शांत."

"बरं."

"आम्ही फोन ठेवला. एका बाईनं उचलला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मागे कसलाच आवाज नाही हो," मास्तर म्हणाला. "तिचा भाऊ इथे बसलाय. तिच्याशी बोलतोय. साहेबांनी सांगितलंय, बोलणं चालू आहे तोवर थांबू. भावाला काय सांगू?"

मला पलीकडून तो भाऊ ऐकू येत होता. कसल्याशा जुन्या आठवणीवर पोट धरून हसत होता.

"बोलू दे त्याला," मी म्हणालो.

चूक की बरोबर, अजून कळलेलं नाही.

मास्तर म्हणाला, "या वेळी दार उघडायला नाही सांगणार मी."

त्याला महिना होऊन गेला.

तो वेढा अजून उठलेला नाही…