तोलाचे स्थानांतर

हिमक्रीडा संशोधन केंद्राच्या बंदिस्त हिमगृहात उताराच्या मध्यावर एक लोखंडी रेल बसवलेली होती. मिथिला खराडे स्नोबोर्डवरून वेगात खाली आली, उडी घेऊन रेलवर चढली, बोर्ड आडवा केला आणि पाठीवर आदळली.

"मागे झुकलीस," रिगझिन आंगमो म्हणाली. "बोर्ड आडवा झाला की भीती वाटते. भीती वाटली की माणूस मागे झुकतो, आणि बोर्ड पायाखालून निसटतो."

"मला कळतंय हो ताई. पायांना कळत नाही."

मिथिला कोल्हापूरची. स्केटबोर्डवर वाढलेली, पण बर्फ पाहिला तो विशीनंतर. हिवाळी स्पर्धांची निवडचाचणी तोंडावर आली होती. तिची प्रशिक्षक रिगझिन लडाखची. एके काळी रेलवर तिच्याइतक्या सफाईने घसरणारी देशात दुसरी कोणी नव्हती. मग एका अपघातात तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रियेने तो जुळला, तरी ती लंगडतच राहिली आणि पुन्हा रेलवर चढली नाही.

त्या दुपारी केंद्राच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. नसीमा काझी यांनी दोघींना प्रयोगशाळेत बोलावले.

"अनुमस्तिष्क म्हणजे मेंदूचा मागचा, लहान भाग," त्या म्हणाल्या. "प्रत्येक हालचालीआधी तो एक अंदाज बांधतो. अंदाज चुकला की स्वतःत दुरुस्ती करतो. अशा असंख्य दुरुस्त्यांचा जो आराखडा तयार होतो, त्याला मी गतिलेख म्हणते. रिगझिन, तुमचा गतिलेख मिथिलाच्या मेंदूत उतरवता येईल."

"नक्कल करून?"

"नाही. गतिलेख वाचायचा तर तो जागा करावा लागतो. जागा झाला की तो कच्च्या मातीसारखा मऊ होतो. वाचता वाचता उचलला जातो, मागे काही उरत नाही. पडल्याच्या, जिंकल्याच्या आठवणी मेंदूत दुसरीकडे असतात, त्या तुमच्याच राहतील. जाईल ते अंगवळणी पडलेलं."

रिगझिनने काचेपलीकडच्या रेलकडे पाहिले. "तसंही ते पडूनच आहे. घेऊ दे तिला."

दोघींच्या डोक्यांवर संवेदकांची शिरस्त्राणे बसवली गेली. रिगझिन डोळे मिटून मनातल्या मनात पुन्हा पुन्हा रेलवरून घसरत राहिली. हळूहळू पडद्यावरची तिची आलेखरेषा सपाट झाली आणि मिथिलाची उंचावली.

दुसऱ्या दिवशी मिथिला रेलवर चढली. गुडघे वाकलेले, खांदे स्थिर, नजर रेलच्या टोकावर. बोर्ड आडवा होऊन शेवटपर्यंत घसरला, सरळ झाला आणि अलगद बर्फावर टेकला. नियंत्रण कक्षात टाळ्या वाजल्या. मिथिलाने बोर्ड सोडवून काखेत घेतला आणि ती उतार चढू लागली.

टाळ्या थांबल्या. ती लंगडत होती.

तिच्या गुडघ्याच्या प्रतिमा निर्दोष निघाल्या. डॉ. काझींनी रिगझिनला निरोप धाडला. ती जिन्यावरून धावतच आली आणि दारात पोचल्यावर आपल्या पायांकडे पाहून थबकली.

"सकाळपासून असंच चाललंय," ती म्हणाली. "भीतीने खोलीतच बसून राहिले, कोणाला सांगितलं नाही."

"इतकी वर्षं आम्ही तुमचा गुडघा तपासत होतो," डॉ. काझी सावकाश म्हणाल्या. "तो केव्हाच बरा झाला होता. दुखऱ्या पायावर भार पडू नये म्हणून अनुमस्तिष्काने ज्या दुरुस्त्या केल्या, त्या गतिलेखात राहिल्या. लंगडणं तिथे होतं."

"तेवढंच काढता येईल?" मिथिलाने विचारले.

"नाही. सगळी एकच वीण आहे."

"मग परत दे," रिगझिन लगेच म्हणाली. "लंगडणं माझं होतं."

मिथिलाने तिच्याकडे पाहिले. बोलताना रिगझिन दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी होती. मिथिलाने तिला असे उभे राहिलेले कधीच पाहिले नव्हते.

"डॉक्टर, गतिलेख उचलला आणि कुठेच उतरवला नाही, तर?"

"तर तो नाहीसा होईल. तुझा स्केटबोर्डवरचा तोलही आता त्यात मिसळलाय, तोही जाईल. निवडचाचणीचं तर विसरच." डॉ. काझींची नजर यंत्राकडे गेली. "आणि असा गतिलेख मला पुन्हा मिळणार नाही."

"ठेवून घे, मिथिला," रिगझिन म्हणाली. "रेलवर काही लंगडत नाहीस. जिंकशील."

"जिंकेन. पण कोण जिंकलं ते मला कळणार नाही, ताई. आज त्या रेलवरून मी गेले, पण मला काहीच करावं लागलं नाही." ती खुर्चीत बसली. "उचला."

डॉ. काझींनी तिच्या डोक्यावर शिरस्त्राण बसवले. मग त्यांनी कळ दाबली.

निवडचाचणीच्या दिवशी हिमगृह रिकामे होते. कोपऱ्यातल्या, नवशिक्यांसाठीच्या घोट्याएवढ्या उंच रेलपाशी दोघी उभ्या होत्या. दोघींनाही बोर्डवर धड उभे राहता येत नव्हते.

"मी पहिल्यांदा शिकले तेव्हा कशी कशी पडले, ते सगळं आठवतंय," रिगझिन म्हणाली. "डाव्या कुशीवर, मग तोंडावर. तोंडावर पडल्यावर बरं जमायला लागलं."

"मग तिथूनच सुरुवात करू या?"

"तिथून नाही येत करता. आधी डावी कूस."

मिथिलाने पाय बांधले, श्वास घेतला आणि उतारावर स्वतःला सोडून दिले.