किटलीतला माणूस

"हा पुरुष कोण आहे?" दिगंबर खळीकरांनी विचारलं.

थरवाचन प्रयोगशाळेत डॉ. मृदुला सोनटक्के यांनी आवाज थांबवला. खळीकरांच्या विजेच्या किटलीच्या तळातून काढलेली क्षाराची खपली वाचता वाचता भुकटी झाली होती. वाचलेला थर परत वाचता येत नसे, फक्त त्याचं ध्वनिमुद्रण उरे. बाकीचा थर किटलीत शाबूत होता.

"ते मला कसं कळणार, सर?"

"मग मुळात आवाज येतो कसा, ते तरी सांगा. क्षार बसतो कसा ते मला सांगू नका. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होतो मी."

"पाणी तापत असताना कोणी बोललं की भांडं कंप पावतं. त्या कंपाप्रमाणे क्षार कुठे दाट, कुठे विरळ बसतो. आमचा क्षारवाचक तळापासून वर ठरावीक वेगानं थर वाचत जातो. वेग पाण्याच्या कठीणपणावरून, म्हणजे त्यात क्षार किती त्यावरून, ठरतो. तो आकडा तुम्हीच दिलात."

"माझ्या केंद्राचं पाणी. त्यात फरक पडायचा नाही."

खळीकरांच्या पत्नी कुंदाताईंना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल, म्हणून खळीकर आले होते. तो मिळालाही. "अगं बाई, दूध राहिलंच की," एवढं ऐकून ते खुर्ची पुढे ओढून बसले होते. पण पुढे उन्हाळ्याचे थर आले आणि त्यांत एक पुरुष गुणगुणत होता. खर्जात, अगदी सावकाश. मग म्हणाला, "आलं जास्त, साखर कमी."

"चहासुद्धा माझ्यासारखाच लागतो मेल्याला," खळीकर म्हणाले. "उन्हाळ्यात मी पहाटेच बाहेर पडायचो. किती निवांत गातोय बघा, घरचाच असल्यासारखा!"

"कोणी नातेवाईक असतील."

"आमच्याकडे गाणारं कोणी नाही. माझ्यासमोर तीसुद्धा कधी गुणगुणली नाही."

ते घरी गेले. दोन दिवस किटली ओट्यावर होती. चहा करायला गेलं की ती दिसे. तिच्या तळाशी तो माणूस बसला होता, आणि कुंदा मोकळेपणानं कशी वागते, ते त्याला माहीत होतं. खळीकरांना ते माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सोनटक्केबाईंचा फोन आला. "सर, या. किटली घेऊन या."

"आणतोच. दाखवायचीच आहे तुम्हाला."

ते प्रयोगशाळेत किटलीची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

"किटली तापताना घरघरते," बाई म्हणाल्या. "तिचा सूर विजेवरून ठरतो, कायम एकच. पण त्या माणसाच्या थरांत घरघरही निम्म्या सुरात आहे. माणूस बदलेल, सर, किटली कशी बदलेल? उन्हाळ्यात पाणी वेगळं होतं का?"

खळीकरांनी मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"धरण आटायचं," ते म्हणाले. "टँकर लावायचो. बोअरचं पाणी. मीच पाठवायचो, आमच्या गल्लीतही."

"किती कठीण?"

"दुप्पट."

"म्हणजे तेवढ्याच वेळात थर दुप्पट जाड. आपण जुन्याच वेगानं वाचला. दुप्पट वेगानं ऐका आता."

त्यांनी कळ दाबली. घरघर जागेवर आली. गुणगुणणं हलकं झालं, वर चढलं, भरभर चालू लागलं. मग कुंदाताई स्वतःशीच म्हणाल्या, "आलं जास्त, साखर कमी."

उन्हाळ्यात रोज सकाळी टँकरच्या नाक्यावर खळीकरांसाठी घरून थर्मास यायचा. चहा कधी चुकला नव्हता.

"खपलीत एवढंच होतं," बाई उत्साहानं म्हणाल्या. "पण किटलीत कितीतरी उन्हाळे असतील. द्या इकडे."

खळीकरांनी पिशवीतून किटली काढली आणि झाकण उघडून बाईंपुढे धरली. काल त्यांनी तिच्यात क्षार विरघळवणारं लिंबूसत्त्वाचं पाणी दोनदा उकळलं होतं, वर घासणीही फिरवली होती. आतलं पोलाद चकचकत होतं. पाण्याच्या कामात खळीकर पहिल्यापासून चोख होते. तळाशी एक कण राहिला नव्हता.