भराव फोडला त्याची गोष्ट

ठेकेदाराचा रस्ता फोडायचा, एवढ्याचसाठी मी आणि वहिनी जंगलात शिरलो.

जंगल कापून नेलेल्या त्या रस्त्यासाठी त्याने ओढ्यावर मातीचा भराव घातला होता. खाली पाइप टाकायची तसदी घेतली नाही. गेल्या पावसात पाणी तुंबलं, भराव फुटला आणि खालच्या वस्तीतलं घर माझ्या दादासकट वाहून गेलं. ठेकेदाराने भराव पुन्हा बांधला. पुन्हा पाइपाशिवाय!

रस्त्याच्या तोंडाशी पहारा होता, म्हणून आम्ही वरच्या अंगाने, तुंबलेल्या पाण्यातून निघालो. उंच उंच झाडं उभ्याउभ्या मेली होती. पान नाही, पाखरू नाही, नुसता कुजका दर्प. पाणी छातीला लागलं. वर काहीतरी कडाडलं.

"भावजी, मागे!"

मी मागे उडी घेतली. अख्खं झाड समोर आदळलं!

भरावावर पोचलो तेव्हा मजूर जेवायला गेले होते. माती उपसायचं पोकलेन उभंच होतं, किल्लीसकट. पोकलेन चालवण्यात माझी उमर गेलेली. वस्तीपासून दूर वळणाऱ्या खडकाळ घळीकडे मी चर काढू लागलो.

ठेकेदार धावत आला. "बंद कर! वाटोळं करशील माझं!"

भिजलेली कड खचली. तो पाण्यात! प्रवाह त्याला चराकडे ओढू लागला. वहिनींनी कमरेला गुंडाळलेला दोर फेकला. त्याने तो धरला. पण त्या ओढेनात.

"ताई, ओढा ना!"

"माझ्या नवऱ्यानेही अशीच हाक मारली असेल."

त्यांची मूठ सैल होताना मला दिसली. जाऊ दे त्याला, असंच माझ्याही मनात होतं.

मग दातओठ खात त्यांनी त्याला वर खेचलं आणि त्याच दोराने काठावरच्या झाडाला बांधलं. "मेलास तर बघणार कोण? भावजी, चालवा!"

मी बकेट खुपसलं. माती, खडी, नवंकोरं डांबर, सगळं ढासळलं! पाणी गर्जत घळीत कोसळलं. मजूर परतले, पण मधे रस्ताच उरला नव्हता. ठेकेदार रडत होता. पाणी उतरेपर्यंत वहिनी त्याच्या शेजारी बसून होत्या.

आम्हाला शिक्षा झाली. नवा रस्ता झाला तो पुलावरून. खालून ओढा मोकळा वाहतो.

सुटून आल्यावर मी विचारलं, "वहिनी, राग गेला?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण झोप लागते."